देवाचं नाव न सांगणाऱ्या मिटिंगला ख्रिस्ती माणसानं जावं का?

(ऐकलेल्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. मी लोहगडवाडीतून बोलतोय. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय तो खरा आहे, इफेक्ट टाकलेला नाही.

आजचा विषय एका मेसेजवरून निघाला. आपल्या एक श्रोत्या आहेत, नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. त्यांच्या धाकट्या भावाची दारू सुटत नाहीये. कामावरच्या एका सीनियरनं त्याला सांगितलं, माझ्याबरोबर एएच्या मिटिंगला चल. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सोडू बघणारी माणसं तिथे एकमेकांसमोर बसतात, स्वतःबद्दल बोलतात, बारा पायऱ्यांचा कार्यक्रम पाळतात. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. भाऊ तयार झाला. आणि घरात वाद पेटला. काका म्हणाले, तिथे ‘उच्च शक्ती’ म्हणतात, येशूचं नाव घेत नाहीत, उद्या कुणासमोरही हात जोडायला लावतील. आई म्हणाली, चर्चमध्ये प्रार्थनेला नाव देऊ, तेवढं पुरे. बहिणीनं मला एवढंच विचारलं होतं: या गोष्टीवर आधी कुणी भांडलंय का?

भांडलंय. आणि असं भांडलंय की त्या भांडणातूनच एएचा पहिला स्वतंत्र गट उभा राहिला. त्या भांडणाचे धागे ओहायोतून निघून पाचगणी, वांद्रे आणि माझ्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या लोणावळ्यापर्यंत आलेत. म्हणून म्हटलं, यावर एक अख्खा भाग करू.

आधी गावाकडचं सांगतो. आमचा मावळ हा वारकऱ्यांचा मुलूख. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि खाली देहूला, आळंदीला जाते. त्यामुळे धर्माच्या आधारानं दारू सोडणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माणूस माळ घालतो. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू बंद, मटण बंद, एकादशी सुरू, जमेल तशी वारी. संध्याकाळी जिथे पाय गुत्त्याकडे वळायचे, तिथे ते भजनाला वळतात. माळ घातलेल्याला कुणी ग्लास पुढे करत नाही, आणि केलाच तर चारचौघं करणाऱ्यालाच झापतात. सोबत, रोजचं वेळापत्रक, लोकांसमोर दिलेला शब्द आणि आपल्यापेक्षा मोठ्या कुणावर तरी टाकलेला भार, सगळं त्यात आहे. व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत याच गोष्टी जड शब्दांत लिहिलेल्या असतात.

पण माळेला नाव आहे. ती विठ्ठलाची आहे. ख्रिस्ती माणसानं केवळ दारू सुटावी म्हणून ती घालावी, असं मी तरी म्हणणार नाही. त्यात त्याच्या श्रद्धेचीही थट्टा होते आणि माळेचीही. तेव्हा काकांच्या शंकेला मी हसत नाही. धर्माच्या आधारानं चालणाऱ्या गटात शिरताना ‘हा आधार कुणाचा?’ असं विचारणं वाजवीच आहे.

आता एएचा आधार कुणाचा, ते बघू.

फ्रँक बुकमन नावाचा अमेरिकन लुथरन पाळक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो भारतातही फिरून गेला होता, गांधीजींना भेटला होता. पुढे त्यानं एक चळवळ उभी केली, तिला ऑक्सफर्ड ग्रुप असं नाव पडलं. चर्चच्या इमारतीपेक्षा लोकांच्या दिवाणखान्यात भरणारी चळवळ. पूर्ण प्रामाणिकपणा, पूर्ण शुद्धता, पूर्ण निःस्वार्थीपणा आणि पूर्ण प्रेम, हे तिचे चार निकष. रोज सकाळी शांत बसायचं, देव काय सांगतोय ते ऐकायचं, वहीत लिहायचं. आपली पापं दुसऱ्यासमोर बोलून दाखवायची. ज्याचं नुकसान केलं असेल त्याच्याकडे जाऊन ते भरून द्यायचं.

ही चळवळ अ‍ॅक्रन या ओहायोतल्या गावात कशी पोचली, तर टायरमुळे. फायरस्टोन टायरवाल्या फायरस्टोन यांचा एक मुलगा दारूत बुडाला होता, तो या मंडळींच्या संगतीत सावरला. खूश झालेल्या वडिलांनी १९३३ मध्ये बुकमनच्या लोकांना गावात बोलावून मोठा कार्यक्रम केला. दोन वर्षांनी बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला एका धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आला. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते, तीही ऑक्सफर्ड ग्रुपच्या एका जुन्या मित्राच्या नादानं. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका बाजूला बारमधला गलका, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्यानं चर्चला फोन लावला. एका पाळकामार्फत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. याही टायरवाल्याच, गुडइयरच्या घराण्यातल्या सूनबाई, आणि ऑक्सफर्ड ग्रुपच्या. त्यांनी त्याची गाठ गावातल्या डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी घालून दिली. तारीख १२ मे १९३५. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एए आपला वाढदिवस मानते.

सुरुवातीचे हे लोक काय वाचायचे? डोंगरावरचं प्रवचन, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचं पत्र. याकोबाचं पत्र तर इतकं आवडीचं की संघटनेला याकोबाचंच नाव द्यावं अशी एक सूचना होती. एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, हे त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात येतं. काकांना सांगायला हरकत नाही: ज्या मिटिंगला तुम्ही परकी म्हणताय तिचं बारसं बायबल उघडून झालंय.

आता खरी भानगड. क्लीव्हलंडहून काही लोक अ‍ॅक्रनच्या बैठकीला यायचे. त्यांना आणणारा क्लॅरन्स स्नायडर, डॉ. बॉब यांच्या हाताखाली दारू सोडलेला. त्या लोकांत बरेच कॅथलिक होते. आणि कॅथलिक धर्मगुरू त्यांना सांगू लागले, तिथे जायचं नाही. ऑक्सफर्ड ग्रुप ही प्रोटेस्टंटांची उपासना, आणि कॅथलिक माणसानं पापकबुली द्यायची ती धर्मगुरूपुढे, दिवाणखान्यात चहा पिणाऱ्या लोकांपुढे नाही. म्हणजे ‘ख्रिस्ती माणसानं जावं का’ हा प्रश्न तेव्हा असा होता: या ख्रिस्ती गटात त्या ख्रिस्ती माणसानं जावं का! बिचारे कैचीत सापडले. गेले तर चर्च नाराज, न गेले तर पुन्हा बाटली.

स्नायडरनं तोडगा काढला. मे १९३९ मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी ऑक्सफर्ड ग्रुपपासून फारकत घेतली आणि स्वतःची बैठक सुरू केली. तिला नाव दिलं नुकत्याच छापून आलेल्या एका पुस्तकाचं: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. या नावानं भरलेली ही पहिली बैठक मानतात. न्यूयॉर्कचे लोक त्याआधीच, १९३७ मध्ये, वेगळे झाले होते. अ‍ॅक्रननं १९३९ च्या शेवटाला तेच केलं.

त्या पुस्तकातही हाच झगडा आहे. लिहिणं चालू असताना न्यूयॉर्कच्या गटात एक जण एपिस्कोपल पाळकाचा मुलगा होता. त्याचं म्हणणं, पुस्तक उघडउघड ख्रिस्ती हवं. समोर एक-दोन कट्टर नास्तिक. त्यांना ‘देव’ हा शब्दच नको. बिल मधे. शेवटी ठरलं की देव राहील, पण ‘ज्याला जसा समजला तसा’. एका पायरीत गुडघे टेकून असे शब्द होते, तेही काढले. पुस्तक एप्रिल १९३९ मध्ये बाहेर आलं. पुढे १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये तर स्पष्टच आहे की सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा.

मला इथे थोडं थांबायचंय. आजचे बरेच ख्रिस्ती टीकाकार म्हणतात की एएनं देवाला पातळ केलं. तसं वाटणं समजू शकतो. पण ती जागा मोकळी का ठेवली गेली, ते बघा. कॅथलिक माणूस प्रोटेस्टंट प्रार्थनेमुळे बाहेर राहिला तर तो मरेल, नास्तिक ‘देव’ शब्दामुळे बाहेर राहिला तर तो मरेल. समोर मरणारी माणसं बघून घेतलेला निर्णय आहे हा, आणि घेणारे बहुतेक जण स्वतः ख्रिस्ती वळणात वाढलेले होते. नाव झाकायचं म्हणून झाकलेलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून ते प्रत्येकाच्या तोंडी सोडलंय.

कॅथलिक बाजूचं दार कसं उघडलं, तीही गोष्ट छान आहे. १९४० च्या अखेरीस, पावसाळी रात्री, न्यूयॉर्कमधल्या एएच्या क्लबवर एक लंगडत चालणारा माणूस आला. बिलला वाटलं, आला आणखी एक पिऊन. तो निघाला सेंट लुईसचा जेझुइट धर्मगुरू, फादर एड डाउलिंग. बारा पायऱ्या वाचून ते विचारायला आले होते की या तुम्ही संत इग्नेशियस यांच्या साधनेवरून घेतल्या का. बिलनं इग्नेशियसचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिथून दोघांची मैत्री जमली ती डाउलिंग जाईपर्यंत टिकली. बिल कॅथलिक झाला नाही. डाउलिंग एएचे सभासद झाले नाहीत, तेव्हा दारूचा प्रश्न त्यांना नव्हताच. पण कॅथलिकांनी एएपासून दूर राहायचं कारण उरलं नाही.

आणि ऑक्सफर्ड ग्रुपचं काय झालं? १९३८ मध्ये त्यानं मॉरल रीआर्मामेंट असं नाव घेतलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं भारतातलं केंद्र उभं केलं, पाचगणीत. एशिया प्लॅटो. तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या नाहीतर कंपनीच्या शिबिराला तिथे गेला असाल, सकाळी वही घेऊन शांत बसायला लावलं असेल, तर ती बुकमनची वही आहे. तिथेही आता सगळ्या धर्मांची माणसं बसतात. एकाच ख्रिस्ती झाडाच्या दोन फांद्या, आणि दोन्ही कुंपणाबाहेर गेल्या. योगायोग म्हणा हवं तर.

आता मुंबई. ‘परमिट रूम अँड बिअर बार’ ही पाटी आपण लहानपणापासून बघतो. हे परमिट आलं कुठून? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाईंचा काळ. पूर्ण दारूबंदी, ज्याला डॉक्टरी कारणानं वगैरे हवी त्याला परवाना. त्याच कायद्यात चर्चच्या विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला वेगळी परवानगी ठेवलेली आहे, हे किती जणांना माहीत असेल? आणि या सगळ्या बंदीत मुंबईत हातभट्टी जोरात. गल्लीबोळात ‘आंटीचा अड्डा’. अनेक ठिकाणी या आंट्या गोवेकर किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका असायच्या, घर चालवायला दुसरं साधन नसलेल्या. हिंदी सिनेमानं तेवढंच उचललं: ख्रिस्ती माणूस म्हणजे हातात बाटली, तोंडात ‘क्या मॅन’. आपण हसलो. पण ज्या ख्रिस्ती घरात खरंच कुणी पितं, त्या घराला ही डबल मार आहे. बाहेरचे म्हणतात ‘तुमच्यात चालतंच ना’, आणि चर्चमधले म्हणतात ‘समाजाचं नाव घालवलंस’. म्हणून मग ते घर गप्प बसतं.

अशा त्या मुंबईत, दारूबंदी चालू असताना, १९५७ मध्ये एए आली. दारू कायद्यानं बंद आणि दारू सोडवणाऱ्यांची मिटिंग चालू. कायद्यानं सुटत नाही ती गोष्ट सोबतीनं सुटते का, हे बघायला याहून चांगली जागा कुठली! चर्चचे हॉल, शाळांचे वर्ग, जिथे कुणी संध्याकाळी एक खोली देईल तिथे मिटिंगा भरू लागल्या, अजूनही भरतात. चर्चनं खोली दिली म्हणून मिटिंग चर्चची होत नाही, आणि महापालिकेच्या शाळेत भरली म्हणून सरकारीही होत नाही.

मग १९८१. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. हे फादर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्या घेतल्या आणि त्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. थरथरणाऱ्या, झोप उडालेल्या, स्वतःच्या शरीराचीच भीती वाटणाऱ्या माणसाला आधी नीट उभं राहायला, श्वास घ्यायला शिकवायचं, मग बोलायला. वसईसह बऱ्याच ठिकाणी केंद्रं निघाली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं मुक्तांगण उभं केलं, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे देवाधर्माची अट नाही, आणि बायकांसाठी ‘सहचरी’सारखा गट आहे. त्यावर वेगळा भाग करायचाय, म्हणून इथे एवढंच.

योगाचं नाव निघालं की काकांची शंका पुन्हा उभी राहते, आणि ती एकट्या काकांची नाही. इथे लोणावळ्यात साधना इन्स्टिट्यूट आहे. फादर अँथनी डी मेलो, मुंबईत जन्मलेले जेझुइट, यांनी ती पुण्यात सुरू केली आणि १९७८ च्या सुमारास लोणावळ्याला आणली. श्वासावर लक्ष, विपश्यनेसारखं बसणं, झेनच्या नि सूफींच्या गोष्टी, आणि मधे ख्रिस्त. जगभरातून धर्मगुरू आणि सिस्टर इथे येऊन बसायचे. १९८७ मध्ये डी मेलो गेले. १९८९ मध्ये व्हॅटिकननं ख्रिस्ती ध्यानाबद्दल एक पत्र काढलं. योग, झेन वगैरेंचं नाव घेऊन सावध केलं. पण त्याच पत्रात हेही आहे की दुसऱ्या धर्मांतल्या पद्धती मुळातच टाकून द्यायच्या नाहीत, ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा शाबूत असेल तर त्यातलं उपयोगी ते घेता येतं. १९९८ मध्ये मात्र डी मेलो यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल व्हॅटिकननं सरळ सांगितलं की ती कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. हे सगळं कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीनं, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले.

म्हणजे बघा, एकाच काळात, एकाच राज्यात, चर्चच्या आत दोन्ही चाललं होतं. एका धर्मगुरूच्या पुस्तकांवर ठपका आला, दुसरे योग शिकवत दारू सोडवत राहिले. मला यात विसंगती वाटत नाही. डी मेलो यांच्या बाबतीत प्रश्न होता देव कोण आहे याबद्दल ते काय सांगतात हा. त्रिकोणासनात उभं राहिल्यानं देव कोण आहे याबद्दल काही सांगितलं जात नाही. मिटिंगबद्दलही मी हाच फरक धरून बसलोय: ही खोली मला देवाबद्दल काही मानायला लावते का?

मराठी ख्रिस्ती परंपरेतही हे बसतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेले, अभंगांतून ख्रिस्त गाणारे. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. दोनच वर्षांत ते गेले, दरबार फार टिकला नाही. त्या काळीही मंडळीत कुरबूर झालीच. पण एक फरक विसरू नका: टिळकांच्या दरबारात मध्ये ख्रिस्त होता, नावानिशी. एएच्या खोलीत तो कुणाच्या तरी मनात असतो, फलकावर नसतो.

जाता जाता, मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या लोकांना ‘मंडळी’ म्हणतात. मी दर भागाच्या सुरुवातीला तोच शब्द वापरतो.

आता माझं मत. मी माळकरी घरातला, त्यामुळे बाहेरून बोलतोय, हे धरून चाला.

सगळ्यात जोरकस आक्षेप मला हा वाटतो: ‘ज्याला जसा समजला’ म्हटलं की कुणी दाराच्या मुठीलाही देव म्हणेल. खरंय, एएमध्ये हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला त्याच्या शेजारी बसावं लागेल. पण तो स्वतः बोलताना येशूचं नाव घेऊ शकतो. कुणी पांडुरंग म्हणतो, कुणी अल्ला, कुणी नुसतं ‘हा ग्रुप’. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौल अथेन्सला जातो, तिथे त्याला अनोळखी देवाची वेदी दिसते. तो ती पाडत नाही, तिच्यापासून बोलायला सुरुवात करतो. हा दाखला एएकडे बघणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या कामाचा आहे.

दुसरा आक्षेप, दारूला आजार म्हटलं की पाप उरत नाही. हा मला पटत नाही. पायऱ्या नीट वाचा. चौथ्या-पाचव्या पायरीला स्वतःच्या सगळ्या चुका लिहून काढायच्या आणि एका माणसाला वाचून दाखवायच्या. आठव्या-नवव्याला ज्यांना दुखवलं त्यांची यादी करायची आणि जाऊन भरपाई करायची. जक्कय झाडावरून उतरला आणि म्हणाला ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो, ते हेच ना? कितीतरी चर्चमध्ये रविवारी ‘आम्ही पापी आहोत’ असं शंभर माणसं एका सुरात म्हणतात, आणि एकालाही कळत नाही की शेजारच्यानं काल बायकोच्या बांगड्या विकल्या. मिटिंगमध्ये ते कळतं.

तिसरा आक्षेप, मिटिंगच चर्च होऊन बसते. यात तथ्य आहे, आणि इथे मी काकांच्या बाजूला थोडा सरकतो. काही माणसं मिटिंगपलीकडे काही शिल्लक ठेवत नाहीत. ज्या भावाला चर्च प्रिय आहे त्यानं दोन्ही धरावं. रविवार उपासनेला, आठवड्यातल्या बाकीच्या संध्याकाळी मिटिंग. ज्यांना सगळं येशूच्या नावानंच हवं, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चमधून १९९१ मध्ये निघालेला सेलिब्रेट रिकव्हरी हा कार्यक्रम आहे, त्याच पायऱ्या उघड ख्रिस्ती करून. जवळ असा गट असेल तर जरूर जावं. पण तो सापडेपर्यंत घरात बसून राहू नये. गंमत म्हणजे १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमकं उलटं म्हटलं होतं: एएचा कार्यक्रम इतका धार्मिक आहे की तुरुंगातल्या माणसावर त्याची सक्ती करता येणार नाही. एकाला फार धार्मिक, दुसऱ्याला पुरेसा धार्मिक नाही.

उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला पद्धतशीर एएशी जोडणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांना लागू पडतं असं त्यात नाही.

आणि आईंचं म्हणणं, प्रार्थना पुरे. प्रार्थना करा. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम, एका प्रार्थनासभेत, त्याच दिवसापासून बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. हे मिटिंगलाही लागू आहे, माळेलाही. आधी डॉक्टर. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. जो कुणी, कुठल्याही धर्माचा, ‘गोळ्या टाक, विश्वास ठेव’ म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरा. काकांनी खरं तर तिथे ओरडायला हवं. जिथे पैसे मागतात, जिथे विशिष्ट देवाची शपथ घ्यायला लावतात, तिथूनही. एएच्या मिटिंगमध्ये हे व्हायला नको. झालंच, तर तो गट एएच्या परंपरेबाहेर गेलाय असं समजा आणि दुसरा गट शोधा.

बहिणीसाठी एक. अल-अनॉन नावाचे गट पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतात, १९५१ मध्ये बिलच्या बायकोनं, लोइसनं सुरू केलेले. भाऊ जाईल न जाईल, तुम्ही जाऊ शकता.

राहता राहिला प्याला. हे कुणी विचारत नाही, पण ज्यानं नुकती दारू सोडली त्याला पहिल्याच प्रभुभोजनाला घाम फुटतो. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचा मेथडिस्ट दंतवैद्य होता. चर्चमध्ये प्रभुभोजनाची व्यवस्था त्याच्याकडे. दारू न होणारा द्राक्षरस त्यानं १८६९ मध्ये त्यासाठीच बनवला. तेव्हापासून अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्याल्यात साधा रस असतो. कॅथलिकांमध्ये भाकरीच्या रूपात घेतलं तरी ते पूर्ण मानतात, प्याला घ्यायची सक्ती नाही. दारूचा त्रास असलेल्या धर्मगुरूंना बिशपच्या परवानगीनं नुकत्याच काढलेल्या, जवळजवळ न आंबलेल्या रसावर मिसा करता येतो. तेव्हा आपल्या चर्चमध्ये प्याल्यात काय असतं ते पाळकांना आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यायचं. कारण सांगायची गरज नाही, आणि सांगितलंत तरी पाळकांनी ते आधी ऐकलेलं असतं.